सिम बदलले, देणे राहिले

मोबाइलवर ‘पोर्ट’ असे टाइप करायचे, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहायचा आणि तो मेसेज १९०० वर पाठवायचा. उत्तरादाखल आठ अक्षरांचा एक कोड येतो. तो घेऊन दुसऱ्या कंपनीच्या गॅलरीत जायचे, कागदपत्र दाखवायचे, नवे सिम घ्यायचे. त्याच सर्कलमध्ये असाल तर तीन कामाच्या दिवसांत, सर्कल बदलत असाल तर पाच, जुने सिम मुके होते आणि काही तासांत नवे बोलू लागते. हँडसेट तोच, नंबर तोच, कंपनी मात्र दुसरी. बोलीभाषेत याला ‘पोर्ट मारणे’ म्हणतात. भारतात याची सुरुवात २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून ती सोय देशभर मिळाली. आज कुणालाही त्यात नवल वाटत नाही. तरीही या व्यवहाराच्या पोटात दर्शनशास्त्रांनी दोन हजार वर्षे घासलेला प्रश्न आहे: आतले सगळे बदलल्यावरही एखादी गोष्ट ‘तीच’ राहते, ती कशाच्या बळावर?

ही सोय नसताना काय होत असे, ते गावोगावचे सुतार, प्लंबर, मंडपवाले, दूधवाले सांगू शकतील. दुकानाच्या शटरवर नंबर रंगवलेला, टेम्पोच्या मागे तोच, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात छपाईवाल्याचा तोच. रेंज मिळो न मिळो, बिल कितीही येवो, कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा आणि नंबर सोडायचा म्हणजे गिऱ्हाईक सोडायचे. महाराष्ट्रात त्यात आणखी एक अडचण होती. दूरसंचार खात्याच्या हिशेबात मुंबई हे एक सर्कल आणि गोव्यासह उरलेला महाराष्ट्र हे दुसरे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबई हे सारे मुंबई सर्कलमध्ये. साताऱ्याचा मुलगा नोकरीसाठी डोंबिवलीला आला तर राज्य तेच असूनही सर्कल ओलांडत होता. ३ जुलै २०१५ रोजी देशभर, सर्कल ओलांडून पोर्ट करायची मुभा मिळाली, तेव्हा कुठे त्याला गावाकडचा नंबर कायमचा इकडे आणता आला. ज्यांचे पोट स्थलांतरावर आहे त्यांच्यासाठी ही सोय फार मोठी होती. त्या नंबरावर गावाने त्यांना ओळखले होते.

पण हा नंबर असतो कुठे?

हँडसेटमध्ये नसतो. हँडसेटला स्वतःचा पंधरा आकडी आयएमईआय असतो. *#०६# दाबले की तो दिसतो, आणि आपल्या मोबाइल नंबरशी त्याचे काही नाते नाही. सिममध्ये असेल म्हणावे, तर तिथेही नाही. सिममध्ये आयएमएसआय नावाचा वेगळाच क्रमांक असतो आणि सोबत एक गुप्त किल्ली. फोन सुरू झाला की नेटवर्क त्याच्याकडे एक आकडा फेकते, सिम त्या किल्लीने उत्तर काढून परत पाठवते आणि आपण खरे असल्याचे पटवते. या सगळ्या देवाणघेवाणीत आपण लोकांना सांगतो तो दहा आकडी नंबर कुठेच येत नाही. तो असतो कंपनीच्या नोंदीत: अमुक नंबर म्हणजे अमुक आयएमएसआय. पोर्ट करताना जुन्या कंपनीतली ही जोडणी तुटते आणि नव्या कंपनीत, नव्या सिमच्या नव्या आयएमएसआयशी नवी जोडणी होते. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवली अशी वस्तू या सगळ्यात एकही नाही. तरीही आपण म्हणतो की नंबर ‘नेला’.

इथे नागसेनाची आठवण येणे अटळ आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. सागल ही राजाची नगरी. ती आजच्या सियालकोटपाशी होती असे मानतात. राजा रथातून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो की रथ म्हणजे काय: आस, चाके, साटा, जू, लगाम? यांपैकी एकही रथ नाही, यांच्या ढिगालाही रथ म्हणता येत नाही आणि यांच्यावेगळा रथ दाखवताही येत नाही. ‘रथ’ हे या सगळ्यांच्या आधाराने चालणारे नाव आहे, असे राजा कबूल करतो. मग नागसेन म्हणतो की माझे नावही तसेच. महाराष्ट्राला हा संवाद परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू, दोघेही मराठवाड्याच्या पत्त्यात आहेत.

मराठी माणसाच्या तोंडी अशा वेळी आधी गीता येते: जीर्ण वस्त्रे टाकून नवी घालावीत तसा देही एक शरीर सोडून दुसरे घेतो. सिम म्हणजे वस्त्र आणि नंबर म्हणजे आत्मा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ती तुलना इथे टिकत नाही. गीतेतला आत्मा कुणी ओळखो न ओळखो, आहेच. त्याला कुणाच्या नोंदीची गरज नाही. नंबर मात्र नोंदीबाहेर क्षणभरही उरत नाही. तो कुणाच्या मालकीचाही नाही. क्रमांकांची सगळी साधनसंपत्ती सरकारची, कंपनीला ती वापरायला दिलेली, आणि ग्राहकाला कंपनीकडून मिळालेली. आपण आपला म्हणतो तो नंबर दोनदा उसना घेतलेला असतो. म्हणून या प्रश्नात कृष्णापेक्षा नागसेन जवळचा वाटतो.

तरी नागसेनापाशी थांबून भागत नाही, कारण फोन करणाऱ्याचा अनुभव वेगळा आहे. समजा एका बाईने नंबर पोर्ट केला आणि चार दिवसांनी तिच्या बहिणीने फोन लावला. बहिणीला कशाचाच पत्ता नसतो. तिच्या कंपनीची यंत्रणा मात्र फोन जोडण्याआधी एका सामायिक यादीत पाहते, की हा नंबर सध्या कुणाकडे आहे. पूर्वी नंबराच्या पहिल्या चार-पाच आकड्यांवरून कंपनी कळायची. आता त्या आकड्यांवर विसंबता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी विचारावे लागते. त्यासाठी देशाचे दोन भाग केलेले आहेत आणि प्रत्येक भागाची नोंद एका त्रयस्थ संस्थेकडे आहे. ती ना जुन्या कंपनीची, ना नव्या. तलाठ्याच्या दप्तरातल्या फेरफाराशी हे जुळते, फक्त उलट्या बाजूने: जमिनीचा फेरफार झाला की गट नंबर तोच राहून धारकाचे नाव बदलते, इथे धारक तोच राहून गट बदलतो. यादीतून उत्तर येते, फोन लागतो, बहीण ‘हॅलो’ ऐकते आणि म्हणते, ‘हं, बोल.’

या ‘हं, बोल’ला आपल्या दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात. तिचे ठरलेले उदाहरण आहे: तोच हा देवदत्त. पूर्वी काशीत पाहिलेला आणि आज इथे दिसणारा; जागा वेगळी, काळ वेगळा, अंगावरचे वस्त्रही वेगळे. वेदान्ती म्हणतात की ‘तेव्हाचा-तिथला’ आणि ‘आत्ताचा-इथला’ हे परस्परविरोधी भाग सोडून द्या, उरतो तो देवदत्त. नैयायिकांना तर प्रत्यभिज्ञा हा स्थिर वस्तू असल्याचा मोठाच पुरावा वाटतो. आधी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट नंतर हाताने चाचपून ‘हीच ती’ असे म्हणणारा कुणी एक आत असल्याशिवाय हे म्हणणे शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद न्यायसूत्रांपासून चालत आलेला आहे.

धर्मकीर्ती आणि त्याच्या परंपरेतल्या बौद्ध तार्किकांनी यावर जे म्हटले ते आजही अंगावर येते. कापलेली नखे आणि केस पुन्हा वाढतात, तेव्हाही आपण ‘तेच केस’ म्हणतो. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, आपण ‘तीच ज्योत’ म्हणतो. सारखेपणा पाहून एकपणा मानण्याची मनाला सवय आहे. मग ओळख पटली एवढ्यावरून तोच माणूस आहे हे कसे ठरवायचे?

मोबाइलच्या दुनियेत या आक्षेपाने खरी घरे बुडाली आहेत. बँकेचा ओटीपी नंबरावर येतो, पैशांचे व्यवहार नंबरावर, व्हॉट्सअॅपचे खाते नंबरावर. कुणी चोराने खोटी कागदपत्रे दाखवून दुसऱ्याच्या नंबराचे नवे सिम काढले की बँकेची यंत्रणा त्यालाच देवदत्त समजते. त्यात तो नंबर लगेच दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला तर माग काढणे अधिकच कठीण. म्हणून १ जुलै २०२४ पासून दूरसंचार नियामक ट्रायने नियम केला, की सिम बदलल्यापासून सात दिवसांच्या आत पोर्टिंगचा कोड मिळणार नाही. ओळख पटली तरी लगेच विश्वास टाकू नये, मधे काही काळ जाऊ द्यावा, असे या नियमाचे म्हणणे आहे. बौद्धांचा संशय इथे सरकारी राजपत्रात येऊन बसला.

आता कंपनीकडे पाहू. मुंबईत १९९५ च्या सुमारास ज्यांनी मॅक्स टचचे कनेक्शन घेतले, ते पुढे ऑरेंजचे ग्राहक झाले, मग हचचे, २००७ पासून व्होडाफोनचे आणि ७ सप्टेंबर २०२० पासून व्हीआयचे. त्यांनी कधीच पोर्ट केले नाही; ते जागचे हलले नाहीत आणि कंपनीच त्यांच्या पायाखालून बदलत गेली. अथेन्सवासीयांनी थिसियसचे जहाज जपून ठेवले, एकेक कुजकी फळी काढून नवी बसवली, आणि ते जहाज तेच की वेगळे यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. त्या जहाजात बसलेल्या प्रवाशाचे काय, हे कुणी विचारले नाही. मुंबईतच बीपीएल मोबाइल २००९ मध्ये लूप झाली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये परवान्याची मुदत संपून बंद पडली. सुमारे ३० लाख ग्राहकांना नंबर वाचवायचा तर दुसरीकडे जाण्यावाचून मार्ग नव्हता. जहाज बुडाले, प्रवासी नंबर हातात घट्ट धरून दुसऱ्या जहाजांवर चढले.

इथवर प्रश्न ‘तोच आहे का’ असा होता. पोर्टिंगची नियमावली वाचली की प्रश्नाचा रोख बदलतो. जुनी कंपनी कोणाला अडवू शकते? ज्याने त्या नेटवर्कवर ९० दिवस काढलेले नाहीत त्याला. ज्याच्या नावावर पोस्टपेडचे बिल थकले आहे त्याला. ज्या नंबराच्या मालकीबदलाचा अर्ज अजून चालू आहे, किंवा ज्याचा वाद न्यायालयात आहे, त्याला. हे सोडून नाराजी, निष्ठा, जुने संबंध यांपैकी कशाच्याही आधाराने कुणाला अडवता येत नाही. आणि बिल चुकवून कुणी निसटलाच, तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून त्याची सेवा बंद पाडू शकते. हँडसेट, सिम, टॉवर, प्लॅन सारे बदलले तरी ज्याने बिल भरायचे होते तो हाच.

मिलिंदानेही नेमके हेच टोचून विचारले होते. पुढच्या जन्मी जन्मणारा ना तोच ना दुसरा, असे तू म्हणतोस. मग तो मागच्या कर्मातून सुटलाच की! नागसेन आंब्याच्या चोराचे उदाहरण देतो. चोर म्हणाला, ‘मी तोडले ते आंबे याने लावलेच नव्हते, याने लावली ती कोय.’ राजा म्हणतो, तरी तो दोषीच, कारण हे आंबे त्या कोयीतूनच आले. आत काही स्थिर तत्त्व असावे लागत नाही, धागा अखंड असला की देणे लागू होते. हजारो मैलांवर आणि अठराशे वर्षांनंतर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक वेगळ्या वाटेने जवळपास तिथेच आला. मानवी आकलनावरच्या आपल्या निबंधात १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घातलेल्या प्रकरणात राजपुत्राचे मन चांभाराच्या देहात शिरल्याची कल्पना करून तो विचारतो, की राजपुत्राच्या कृत्यांचा जाब कोणी द्यायचा. ‘व्यक्ती’ ही मुळात जाब विचारण्याच्या व्यवहारातली संकल्पना आहे, असे त्याचे मत होते.

पण कर्मसिद्धान्तात आणि पोर्टिंगमध्ये एक फरक आहे आणि तो सामान्य माणसाला बोचणारा आहे. कर्मात पाप आणि पुण्य दोन्ही बरोबर जातात. इथे थकलेले बिल पाठलाग करते, प्रीपेडमधली शिल्लक रक्कम मात्र पोर्ट होताच बुडते. ती नव्या कंपनीत येत नाही. ज्याच्या खात्यात पन्नास-शंभर रुपये उरले आहेत त्याने ते आधीच बोलून संपवावेत, हाच उपाय. तर्काला धरून पाहिले तर हा अन्याय आहे. धागा अखंड असेल तर तो दोन्ही बाजूंनी अखंड हवा.

धागा तुटला तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो नव्या माणसाला मिळू शकतो, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढच्या प्रकरणातही सांगितले गेले. दहा आकडे तेच, त्यांच्यामागचा माणूस सर्वस्वी दुसरा. आणि मग त्या बिचाऱ्याला आधीच्या धारकाच्या कर्जाच्या वसुलीचे फोन येऊ लागतात. तो सांगतो, ‘मी तो नाही.’ पलीकडचा म्हणतो, ‘सगळे असेच म्हणतात.’ आंब्याच्या चोराचे आणि याचे शब्द सारखेच, पण चोर खोटा आणि हा खरा. फरक एवढाच, की तिथे कोयीपासून आंब्यापर्यंत धागा होता, इथे कर्जापासून याच्यापर्यंत तो नाही. नंबर सारखा असणे म्हणजे केवळ वाढलेली नखे. बँकांनी आणि यूपीआय चालवणाऱ्यांनी बंद झालेल्या व पुन्हा दिलेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासून आपल्या नोंदी दुरुस्त कराव्यात, अशी व्यवस्था २०२५ मध्ये लागू झाली, ती याच गोंधळापोटी.

म्हणजे नुसते नाव पुरत नाही आणि नुसती ओळखही पुरत नाही. ‘मी तोच’ या म्हणण्याला वजन येते ते मागच्या देण्याची जबाबदारी घेतल्याने. पोर्टिंगच्या नियमांनी माणसाला कंपनी सोडण्याचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच वेळी ही अट घातली. यात विसंगती नाही. ज्याला आपली ओळख सोबत न्यायची आहे त्याला आपला हिशेबही सोबत न्यावा लागतो. हिशेब नको असेल तर नवा नंबर घ्यावा आणि पहिल्यापासून अनोळखी व्हावे.

मग देण्यातून सुटका कोण करू शकतो? घेणारा नव्हे. ‘मी आता बदललो’ असे ऋणको कितीही म्हणो, त्याने वही कोरी होत नाही. देणारा मात्र ती कोरी करू शकतो. तुकोबांच्या घरात महाजनकी होती, लोकांनी लिहून दिलेली कर्जखते होती. परंपरा सांगते की त्यांनी भाऊ कान्होबाला त्याच्या वाट्याची खते दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. सामान्यतः या कथेत तुकोबांचे वैराग्य पाहिले जाते. पण देहूच्या परिसरातल्या ज्या कुळांची खते पाण्यात गेली, त्यांच्या बाजूनेही ती वाचायला हवी. त्या दिवसापर्यंत ते ‘अमुक साली इतके घेतलेले’ होते. दुसऱ्या दिवशी ते नुसते शेतकरी होते, शेजारी होते. माणसाला मागच्या स्वतःपासून मोकळे करण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातात असतो, आणि तुकोबांनी तो वापरला. कान्होबाने आपली खते ठेवली, यातही काही वावगे नव्हते. त्याला घर चालवायचे होते.

राहतो मृत्यूनंतरचा नंबर. घरातला कर्ता गेला की मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे देऊन नंबर वारसाच्या नावावर करून घेता येतो. मालकीबदल पुरा होईपर्यंत पोर्ट करता येत नाही. म्हणजे आधी माणूस बदलायचा, मगच कंपनी. अनेक घरांत वडिलांचा नंबर मुलगी चालू ठेवते. कारण एकच नसते: कुठे बँक आणि गॅस जोडलेले असतात, कुठे नंबर बंद होऊ द्यायला मन धजत नाही. फोन वाजतो, पलीकडून कुणी ‘काका आहेत का’ विचारते. त्यात कधी खतवाल्याची बाकी असते, कधी भिशीचा राहिलेला हप्ता. जुन्या धर्मशास्त्रात पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य होते, जुगार आणि मद्यापायी केलेले ऋण तेवढे वगळून. मुलीचा त्यात विचारच नव्हता. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातून ते धार्मिक बंधन पुढच्या कर्जांपुरते काढून टाकले, आणि त्याच दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. आता वारस वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतेच देणे लागतो, त्यापलीकडे कायदा काही मागत नाही. ही मुलगी वडील नाही, धागाही तिचा नाही, आणि खतवाल्याच्या तोंडी उधारीला कागदाचा आधारही बहुधा नसतो. तरी ती वही काढून बसते, कुणाचे किती ते विचारते, आणि जिथे खात्री पटते तिथे त्याच नंबरावरून पैसे पाठवते.